प्लेऑफच्या मैदानातली टिटवी

आमच्या पाड्यावर गवताचे दोनच उपयोग होते. एक तर ते गुरांनी खायचं, नाहीतर वखारवाल्याने न्यायचं. दिवाळी सरली की बाबा आणि आई मनोरच्या बाजूच्या उतारांवर गवत कापायला जायचे. पहाटे दहिवर असतानाच विळा चालवायचा, कारण ऊन चढलं की पातं करकरीत होतं आणि हात कापतं. दुपारपर्यंत भारे बांधायचे, डोक्यावरून वखारीपर्यंत आणायचे. तिथे ते दाबून गठ्ठे व्हायचे आणि ट्रकने मुंबईच्या तबेल्यांत जायचे. गवताचा हंगाम संपला की वसईकडची वीटभट्टी. पावसाळ्यात पुन्हा आमचा डोंगरावरचा तुकडा, त्यात नागली, वरई आणि देवाच्या मनात असेल तेवढं भात. आईचे तळवे इतके चिरलेले असत की ती मला कधी गालाला हात लावायची नाही, हाताच्या पाठीने गोंजारायची. मला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्याच आया असंच गोंजारतात.

अशा घरातून मी बी.एस्सी. झालो. वनस्पतिशास्त्र, पालघरच्या कॉलेजातून. पाड्यावरचा पहिला पदवीधर. हे या लेखात मी पुन्हा सांगण्याची शक्यता आहे. संपादकांना तशी कल्पना दिलेली आहे.

निकालानंतर चार महिन्यांनी नोकरी लागली. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, एका उद्योगपती घराण्याने गोल्फ कोर्स बांधला होता, तिथे. घरी येऊन मी छाती पुढे काढून बातमी दिली.

बाबा म्हणाले, "काम काय हाय?"

"गवताचं."

बाबांनी विडी विझवली. "कापायचं?"

"कापायचं, पण मशीनने. आणि वाढवायचं, जपायचं, त्याला रोग झाला तर औषध द्यायचं."

"गवताला औषीद?" बाबांनी आईकडे पाहिलं. "आयकलंस का? दाम्या पंधरा वरसं शिकला नि परत गवतातच गेला."

आई म्हणाली, "ऱ्हाव दे. मशीन तरी हाय."

पुढचा अपमान शास्त्रीय होता. रुजू झालो त्या दिवशी साहेबांनी मोठ्या कौतुकाने खास आणवलेलं गवत दाखवलं. मी वाकून पाहिलं, पेरं मोजलं, आणि माझ्या पदवीने मला सांगितलं की ही हरळी आहे. म्हणजे हरळीची परदेशात शिकून आलेली चुलतबहीण. हीच हरळी आमच्या बांधावरून उपटून काढताना बाबांची कंबर गेली होती. आता ती वाढावी म्हणून मला पगार मिळणार होता. ही गोष्ट मी बाबांना दोन वर्षं सांगितली नाही.

ज्यांनी गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांबून एक चेंडू मारायचा आणि शेवटी एका खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. मधल्या वाटेवर जे आखूड कापलेलं गवत असतं ती फेअरवे. तिच्या कडेचं उंच गवत म्हणजे रफ. तिथे चेंडू गेला की खेळाडूचं तोंड उतरतं. आणि खळग्याभोवतीची अगदी गालिच्यासारखी जागा म्हणजे ग्रीन. ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटर उंच ठेवतात. रोज कापायचं, रोज रूळ फिरवायचा, मधूनमधून वाळूचा हात द्यायचा. खळग्याची जागाही रोज बदलायची, नाहीतर एकाच ठिकाणी पावलं पडून गवत मरतं. हे सगळं इतकं नीट करायचं की बघणाऱ्याला वाटावं, इथे कोणी काही केलेलंच नाही. आमचं काम उत्तम झालं तर कोणाला दिसत नाही आणि बिघडलं तर साऱ्यांना दिसतं. या बाबतीत आम्ही स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या जवळचे.

गवताचं हे वेड सभासदांनाही लागतं. औषधांचा कच्चा माल बनवणारे एक कारखानदार होते, आमचे जुने सभासद. त्यांना आपल्या बंगल्यापुढे ग्रीन हवी झाली. मी सांगितलं, "शेठ, ह्याला रोज कापावं लागतं."

ते म्हणाले, "माणूस ठेवू."

"उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाहावं लागतं."

"दोन माणसं ठेवू."

ठेवली. महिनाभराने फोन आला, गवत पिवळं पडलंय. जाऊन पाहतो तर दोन्ही माणसं आळीपाळीने पाणी घालत होती, तेही घरात प्यायला येतं ते मशीनमधून गाळलेलं. शेठचा आग्रह. मुळं कुजली होती. मी म्हटलं, "शेठ, ही हरळी आहे. हिला इतक्या लाडाची सवय नाही." ते जरा दुखावले. पुढे तिथे त्यांनी प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि मला बोलावून दाखवलं. म्हणाले, "हे बघ, याला तुझी गरज नाही." गेल्या वर्षी पुन्हा फोन आला. प्लास्टिकच्या गवतातून खरी हरळी वर आली होती.

आई एकदाच कोर्स बघायला आली. सगळं हिंडून झाल्यावर तिचा एकच प्रश्न होता, "कापलेलं जातं कुठं?" मी तिला मशीनच्या डब्यातला बारीक चुरा दाखवला. ती म्हणाली, "गुरांना घालता?" औषधं मारलेली असतात, घालता येत नाही, असं मी सांगितलं. ती पुढे चालू लागली. चौदाव्या खळग्याच्या उतारावर मात्र थांबली आणि म्हणाली, "हितं आमी कापायचो. लई ग्वाड गवत हुतं हितलं." माझ्या नोकरीत मला सलणारी जी काही गोष्ट आहे ती तीच. इतकं गवत पिकवतो आणि एका वासराच्या तोंडात जात नाही.

आता प्लेऑफ. ज्याच्यासाठी हा लेख मागवलाय तो विषय.

व्यावसायिक गोल्फमध्ये वर्षभर ठिकठिकाणी स्पर्धा होतात. पूर्वी हिशेब सरळ होता, वर्षाअखेर ज्याने सगळ्यात जास्त बक्षिसं मिळवली तो वर्षाचा राजा. पण यात एक अडचण होती. एखादा खेळाडू सुरुवातीलाच इतका पुढे जायचा की शेवटच्या दोन महिन्यांत कोणाला पत्ताच नसायचा की खेळ चालू आहे. म्हणून अमेरिकेत प्लेऑफ निघाला. वर्षभर गुण गोळा करायचे आणि हंगामाच्या शेवटी काही आठवड्यांची गाळणी लावायची. आमच्या भारतातल्या टूरने, टूर म्हणजे या स्पर्धा भरवणारी मंडळी, तेच उचललं. पहिल्या आठवड्यात साठ खेळाडू. त्यातले गुणांत वरचे तीस दुसऱ्या आठवड्यात. त्यातले पंधरा शेवटच्या फेरीत. प्रत्येक आठवडा वेगळ्या कोर्सवर. हंगाम आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो.

ऐकायला सोपं आहे, पण गुणांचं काय करायचं यावरून दर दोन-चार वर्षांनी नियम बदलत राहिले. आधी वर्षभराचे गुण तसेच पुढे न्यायचे. तर मग एकदा असं झालं की शेवटची फेरी सुरू होण्याआधीच विजेता ठरलेला. मग शेवटच्या फेरीआधी गुण नव्याने मांडायला लागले. त्यात इतकी गुणाकार-भागाकाराची कटकट की खेळाडूलाच मैदानावर कळेना आपण कितवे. मग तिसरी युक्ती आली. वर्षभरात जो पहिला त्याला शेवटच्या फेरीत काही फटके आधीच माफ, दुसऱ्याला त्याहून कमी माफ, असं उतरत जायचं. म्हणजे शर्यतीत पहिल्या नंबरवाल्याला चार पावलं पुढे उभं करायचं. यातून नवीनच घोळ. चार दिवसांत सगळ्यात कमी फटके मारणारा एक आणि करंडक उचलणारा भलताच. शेवटी तेही काढलं. आता शेवटच्या फेरीत सगळे शून्यावरून सुरू करतात.

हे मी एका संध्याकाळी बाबांना समजावत होतो. एका पदवीधराने आपल्या बापाला जग समजावून सांगावं, अशा थाटात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे वरीसभर ज्यानं जास्ती गवत कापलं, त्याचं ते धरायचं नाय?"

"धरतात ना. त्याच्यावरच तो शेवटच्या फेरीत येतो."

"पन आल्यावर पुसून टाकायचं."

"हो."

"नि शेवटच्या दिवशी ज्यानं जास्ती भारे बांधले तो मुकादम?"

"तसंच काहीसं."

"मंग वरीसभर कापतो कशाला तो?"

याचं उत्तर टूरवाल्यांपाशीही नव्हतं, म्हणून तर ते नियम बदलत होते. पण मी म्हटलं, "बाबा, ते शास्त्र आहे, तुम्हाला नाही कळायचं." बाबा म्हणाले, "हां, गवताचं शास्त्र," आणि झोपायला गेले.

मग ते वर्ष आलं, ज्याच्यात प्लेऑफचा पहिला आठवडा आमच्या कोर्सला मिळाला. आणि स्पर्धा दोन महिन्यांवर असताना आमचे सुपरिटेंडंट, म्हणजे कोर्सच्या सगळ्या गवताचे मालक म्हणावेत असे साहेब, बंगळूरचे होते, ते दुबईला निघून गेले. इतक्या थोड्या वेळात बाहेरून कोणी येईना. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "तूर्त तू बघ. टूरचा माणूस आठवडाभर इथे असेल. तो चांगलं म्हणाला तर खुर्ची तुझी. नाहीतर हैदराबादचे एक गृहस्थ मे महिन्यात यायला तयार आहेत."

आमच्या कोर्सवर तोवर या भागातला माणूस मशीन चालवायचा, तण उपटायचा, पाइप ओढायचा. खुर्चीवर कायम बाहेरचा. त्यामुळे ही गोष्ट माझ्या एकट्याची राहिली नाही. माझ्या हाताखाली जी मंडळी होती ती सगळी आसपासच्या पाड्यांतली, गवत कापणाऱ्या घरांतली. मोठ्या मशीनवर चिंतूदादा. माझ्या बाबांबरोबर उतारावर गवत कापलेला माणूस. पण त्या दिवसापासून मला "साहेब" म्हणायला लागला. मी म्हटलं, "दादा, असं नको." तो म्हणाला, "नाय कसं? आमाला सवय नको का लागायला?"

सवय मलाच आधी लागली, हे इथे कबूल केलेलं बरं. मी पांढरी पँट शिवली. रुंद काठाची टोपी घेतली. सोमवारी सकाळी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून भाषण केलं. म्हटलं, "हा आठवडा सगळ्या देशाचं लक्ष आपल्यावर आहे. कोर्सवर एकूण एक काडी जागच्या जागी हवी. कुठे काही वेगळं दिसलं तर मला लगेच सांगायचं." भाषणात मी दोनदा इंग्रजी शब्द वापरले. लक्षीमावशी ग्रीनवरचं तण हाताने वेचण्यात तरबेज. ती मागून म्हणाली, "चिंत्या, साहेबाला पानी दे, घसा बसला त्याचा." सगळे हसले. मीही, जरा उशिरा.

टूरचा माणूस म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले एक मेजरसाहेब. तेच कोर्स तपासणार, तेच मुख्य पंच. उंच, सडपातळ, दोन शब्दांत काम भागत असेल तर तिसरा वापरत नसत. मंगळवारी त्यांनी ग्रीनवर चेंडू घरंगळवून वेग मोजला, गुडघ्यावर बसून हाताने गवत चाचपलं आणि म्हणाले, "अच्छा है." मी रात्री आईला फोन करून हे दोन शब्द ऐकवले. ती म्हणाली, "एवढंच?"

गुरुवार, शुक्रवार, शनिवार सुरळीत गेले. ग्रीन अशा की चेंडू काचेवरून गेल्यासारखा जायचा. रविवार उजाडला आणि प्लेऑफची खरी गंमत मला त्या दिवशी कळली. पहिल्या नंबरावर कोण याच्याशी लोकांना फारसं देणंघेणं नव्हतं. सगळ्यांचे डोळे तिसाव्या जागेवर. तिसावा पुढे जाणार, एकतिसावा घरी. दर फटक्यागणिक मोबाईलवर माणसं वर-खाली होत होती. शेवटच्या खळग्यावर आले तेव्हा दोघे जण त्या रेषेवर लोंबत होते आणि नेमके एकाच गटात खेळत होते. एक चंदीगडकडचा उंच पोरगा, आम्ही त्याला आठवडाभर पिवळी टोपी म्हणत होतो. दुसरा दिल्लीचा, वयाने मोठा, निळ्या शर्टातला. पिवळ्या टोपीने शेवटचा खळगा चार फटक्यांत संपवला तर तो पुढे. एक फटका जास्त लागला तर निळा शर्ट पुढे.

पिवळ्या टोपीचा पहिला फटका सरळ फेअरवेच्या मध्यावर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ग्रीनच्या मागे उभा राहून मनातल्या मनात खुर्ची पुसत होतो.

तेवढ्यात वायरलेसवर आवाज आला, "सुपरिटेंडंट को भेजो. अठारह नंबर, फेअरवे."

बग्गी घेऊन पोचलो. फेअरवेच्या अगदी मधोमध, सुपाएवढ्या जागेत, गवताचा एक झुबका उभा. घोट्याच्या वर येईल एवढा. आजूबाजूला सगळं नुकतंच कापलेलं, आणि मधे हा. तीन दिवसांत एकाचाही चेंडू इथे पडला नव्हता, म्हणून कोणी हटकलं नव्हतं. चेंडू त्या झुबक्यात. वर दोन टिटव्या जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होत्या.

निळा शर्ट तावातावाने बोलत होता, "सर, ये तो बस घास है. किसीने काटा नहीं. बॉल जहां है वहीं से खेलना पडेगा."

पिवळी टोपी म्हणाला, "फेअरवे के बीच में रफ? ऐसा कैसे हो सकता है?"

मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ये घास यहां क्यों है?"

इथे मला वाचकांना आमची एक पद्धत सांगायला हवी. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे सारून अंडी घालते. गवत कापताना टिटवी अंगावर आली की कापणारा थांबतो, अंडी कुठे आहेत त्याचा अंदाज घेतो आणि तेवढा झुबका उभा ठेवून पुढे जातो. मागून येणाराही तो झुबका पाहून वळतो. यावर कोणी कोणाशी बोलत नाही. सावलीला बसलेल्या माणसाला वळसा घालून जावं, इतकं ते साधं असतं. आमच्या चिंतूदादाने आठवड्याभरापूर्वी मशीन वळवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरने वळवलं. पाइपवाल्याने पाइप वळवला. आणि मी, पांढऱ्या पँटमधला, एकूण एक काडी जागच्या जागी हवी म्हणणारा मी, रोज सकाळी त्या झुबक्याजवळून चालत गेलो होतो. मला तो दिसला होता. पण चूक म्हणून दिसलाच नव्हता. उलट माझ्या डोळ्यांना तेवढा झुबका सोडून कापलेलं गवतच बरोबर वाटलं होतं.

मी म्हणालो, "सर, घोंसला है. टिटवी का."

निळा शर्ट हसला. "कहां है? दिखाओ."

खरोखरच काही दिसत नव्हतं. टिटवीची अंडी मातीच्या रंगाची, ठिपक्यांची; दोन पावलांवरूनही खडे वाटतात. मेजरसाहेब वाकून पाहत होते, त्यांनाही दिसेना. म्हणाले, "अंडे दिखे तो फ्री ड्रॉप. नहीं तो जैसा है वैसा खेलेगा." म्हणजे अंडी असतील तर पक्ष्याला इजा होऊ नये म्हणून खेळाडूला दंडाशिवाय चेंडू बाजूला घेऊन खेळता येणार. नसतील तर त्याने त्या झुबक्यातून काठी हाणायची. आणि त्या जागेतून चार फटक्यांत खळगा संपवणं कोणालाच शक्य नव्हतं.

मी गुडघ्यावर बसलो. कॅमेरा जवळ आला. गवत हलक्या हाताने दुभंगायला हात घातला आणि मागून टिटवी आली. पहिल्या झेपेत टोपी गेली. दुसऱ्या झेपेत तिने माझ्या डोक्यावर, जिथे केस कमी होत चाललेत नेमकं तिथे, चोच की पाय काहीतरी मारलं. मी डोकं वाचवायला खाली वाकलो आणि नव्या पांढऱ्या पँटची शिवण मागून फाटली. आवाज मायक्रोफोनने टिपला. प्रेक्षक इतके हसले की शांत राहा म्हणून फलक धरणाऱ्या पोरी स्वतःच वाकून हसत होत्या.

"अरे ए बाय," मी टिटवीला म्हणालो, "तुझ्यासाठीच चाललंय हे." हेही मायक्रोफोनने टिपलं.

मग गवत बाजूला झालं आणि मेजरसाहेब माझ्या खांद्यावरून वाकले. चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. त्यांना चिकटून पाचवा, पांढरा, चेंडू.

निळ्या शर्टाने मान हलवली आणि तो मागे सरला. मला त्याचं वाईट वाटलं. त्याचं अख्खं वर्ष त्या अंड्यांवर येऊन थांबलं होतं आणि अंड्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"चेंडू उचलू?" मी विचारलं.

मेजरसाहेब म्हणाले, "रहने दो. दूसरा बॉल लेने दो उसको. नियम में है."

पिवळ्या टोपीने बाजूला दुसरा चेंडू टाकला, ग्रीनवर मारला आणि पुढच्या दोन फटक्यांत खळगा संपवला. एकूण चार. तो तिसावा, निळा शर्ट एकतिसावा. त्या वेळी कॅमेरा मात्र मागे फिरला होता. टिटवी परत येऊन बसली होती, चार अंड्यांवर आणि एका चेंडूवर.

संध्याकाळी मी शेडमध्ये मंडळींना गोळा केलं. कंबरेला कोणीतरी दिलेला पंचा गुंडाळलेला होता. "झुबका आहे हे मला का नाही सांगितलं?" मी ओरडलो.

चिंतूदादा गोंधळून म्हणाला, "काय सांगायचं? टिटवी हाय ना तिथं."

"मी म्हटलं होतं ना, काही वेगळं दिसलं तर सांगा!"

"वेगळं कुठं हाय ते, साहेब?" लक्षीमावशी म्हणाली. "नि तुमाला दिसत नव्हती का? रोज तर जाता तिथनं."

मी पंचा सावरत सगळ्यांना घरी पाठवलं.

मग मेजरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. मॅनेजरसाहेब बाजूला बसलेले. मला वाटत होतं हैदराबादचे गृहस्थ सामान बांधायला लागले असणार. मेजरसाहेबांनी विचारलं, "कोणाची चूक?" त्यांना मराठी येत होतं हे मला तेव्हा कळलं, आठवडाभर मी त्यांच्याशी जे हिंदी बोललो ते आठवून घाम फुटला.

मी म्हणालो, "माझी. मुलांनी पद्धतीप्रमाणे झुबका ठेवला. मी रोज पाहिला आणि तुम्हाला कळवलं नाही."

"का नाही?"

"मला ते नेहमीचं वाटलं, सर. आमच्याकडे असंच कापतात."

ते म्हणाले, "झुबका ठेवला ही चूक नाही. तो फक्त तुम्हा लोकांनाच माहीत होता ही चूक आहे. सोमवारी सांगितलं असतंस तर मी भोवती पांढरी रेघ मारली असती आणि साठ खेळाडूंना कळवलं असतं. एका माणसाचं वर्ष अर्धा तास लोंबत राहिलं." ते मॅनेजरसाहेबांकडे वळले. "हिरवळ मात्र मी या हंगामात पाहिलेली सगळ्यात चांगली. बाहेरून माणूस आणायची गरज मला दिसत नाही. ह्याला फक्त बोलायला शिकवा."

बोलायला शिकवा! पाड्यावरच्या पहिल्या पदवीधराला! मी "येस सर" म्हणालो आणि बाहेर जाताना पाठ भिंतीकडे ठेवून चालत गेलो, पंचा सुटत होता म्हणून.

घरी फोन केला. आईने मोबाईलवर सगळं पाहिलं होतं. म्हणाली, "तू पाठमोराच दिसलास जास्ती." बाबा फोनवर आले. मी त्यांना सांगितलं की खुर्ची मिळणार. त्यांनी विचारलं, "अंडी ऱ्हायली ना नीट?"

"राहिली."

"मंग बरं हाय," ते म्हणाले.

चार पिल्लं निघाली. चेंडू उबला नाही. लक्षीमावशीने तो उचलून आणला आणि पिवळ्या टोपीला पाठवायला सांगितलं. मी पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तो तिसांतून पंधरांत जाऊ शकला नाही, एवढं मात्र वाचलं. निळा शर्ट पुढच्या हंगामात शेवटच्या फेरीपर्यंत गेला. मला बरं वाटलं.

आता दर वर्षी प्लेऑफच्या आधी मी, चिंतूदादा आणि मेजरसाहेब मिळून कोर्स पायी फिरतो. चिंतूदादा बोट दाखवतो, मी मोठ्याने बोलतो आणि मेजरसाहेब पांढऱ्या रंगाची रेघ मारतात. खेळाडूंना देतात त्या नियमांत "पक्ष्याचं घरटं" असं एक कलम आहे. भारतातल्या इतर कोर्सवालेही ते आता वापरतात. त्यातलं इंग्रजी माझं आहे. दोन चुका होत्या, मेजरसाहेबांनी काढल्या.

या कोर्सचा सुपरिटेंडंट आज मी आहे. या भागातला पहिला. माझ्या नंतर ज्या दोघांना सहायक म्हणून घेतलं तेही इथल्याच पाड्यांतले, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही पदवीधर. आणि प्लेऑफची शेवटची फेरी, ज्यात पंधरा खेळाडू शून्यावरून सुरू करतात, ती गेली तीन वर्षं आमच्या गवतावर होते.